भुऱ्याचा पिंजरा

ऋजुताने वेताच्या टोपलीचं झाकण उघडलं आणि आतून काहीतरी राखाडी, गुबगुबीत उचलून छातीशी धरलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शेळी घेऊन बसलेला माणूस उठून उभाच राहिला. मला आधी वाटलं, ससा असेल. मग शेपटी दिसली, खारीसारखी झुपकेदार. कान उंदराचे, पण चांगले मोठे, गोल, आणि इतके पातळ की उजेड आरपार जावा. अंगावरची लव अशी दाट, की तिची बोटं त्यात बुडून गेली होती.

"चिंचिला म्हणतात याला, काकू," ती मला म्हणाली. "नाव भुऱ्या. आजारी नाहीये तो. डॉक्टरकाकांना फक्त एक विचारायचंय."

ऋजुता म्हणजे भाऊसाहेब देवऱ्यांची सून. खानदेशातल्या आमच्या त्या तालुक्याच्या गावात जिनिंग फॅक्टरी भाऊसाहेबांची, बसस्टँडसमोरची गाळ्यांची रांग भाऊसाहेबांची, आणि त्या रांगेतल्या कोपऱ्यावरच्या गाळ्यात आमचा दवाखाना. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, गुराढोरांचे. म्हशी, बैल, शेळ्या, कधीमधी एखादं कुत्रं. औषधं काढून द्यायला मी बसायचे. भाऊसाहेबांच्या गोठ्यावरच्या म्हशी वर्षानुवर्षं आमच्याकडेच होत्या. त्यांच्या हर्षलचं लग्न त्या हिवाळ्यात पुण्याच्या मुलीशी झालं आणि ती मुलगी माहेरून हे जनावर घेऊन आली, ही बातमी गावात केव्हाच पसरली होती. सुनेने उंदीर आणलाय आणि त्याला एसी लागतो, असं बायका हसून सांगत. प्रत्यक्ष मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टोपलीच्या तळाशी नॅपकिनमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली होती आणि तो तिला टेकून बसून आला होता.

ऋजुताला विचारायचं होतं ते पिंजऱ्याबद्दल. पुण्याचा पिंजरा जुना होऊन मोडला होता. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. हा प्राणी मूळचा थंड डोंगरांतला, उड्या मारणारा, म्हणून त्याला उंच पिंजरा लागतो, आत लाकडाच्या फळ्या लागतात. प्लास्टिक तो कुरतडून गिळतो. गजांमधली फट अरुंद हवी, नाहीतर डोकं अडकतं. आणि तळ सपाट हवा, जाळीचा नको. असा नवा पिंजरा फार महाग मिळतो, ते तिलाही पटत नव्हतं. पण नाशिकला एका कुटुंबाकडे वापरलेला होता, भक्कम, निम्म्याहून कमी किमतीत. तो आणावा असं तिच्या मनात होतं. सासरे म्हणत होते, त्याची काही गरज नाही, गावातला वेल्डिंगवाला दोन दिवसांत करून देईल, कोंबड्यांना करतो तसा. खाली जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडतील आणि साफसफाईचं लचांड नको.

"घरात मी म्हटलं तर हट्ट वाटतो," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तर सगळे ऐकतील. म्हणून आले."

डॉक्टरांनी भुऱ्याला हातात घेतलं. त्याचे मागचे पाय बघितले, दात बघितले. मोठ्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी त्याला असं धरलं होतं, जसं काही नुकतंच जन्मलेलं मूल. मला ते बघून बरं वाटलं. ते म्हणाले, "ताई, मी जरा माहिती घेतो. रविवारी तुमच्याकडे येणारच आहे गोठ्यावर, तेव्हा सगळ्यांसमोर सांगतो." तिचा चेहरा एकदम खुलला. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला.

रविवारी भाऊसाहेबांनी मलाही चहाला बोलावलं होतं. बंगल्याच्या बैठकीत भाऊसाहेब, त्यांच्या बाजूला हर्षल, आणि दाराशी ऋजुता उभी. इकडचं तिकडचं बोलणं झालं, कापसाच्या भावाचं झालं. मग भाऊसाहेबच म्हणाले, "हां डॉक्टर, आमच्या सूनबाईंच्या उंदराचा निकाल लावा एकदा."

डॉक्टर चहाच्या कपाकडे बघत बोलले. साधा पिंजरा चालेल म्हणाले. जाळीचा तळ उलट स्वच्छ राहतो, ओल धरत नाही. एवढ्याशा जिवाला फार मोठी जागा लागत नाही, खोली थंड ठेवली की झालं.

ऋजुताने फक्त विचारलं, "जाळीत पाय नाही ना अडकणार, डॉक्टरकाका?"

"सशांचे नाही अडकत, ताई. याचा कसा अडकेल?"

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर बरोबरच असेल."

भाऊसाहेबांनी हर्षलच्या मांडीवर थाप मारली आणि वेल्डिंगवाल्याला निरोप धाडायला सांगितलं. ऋजुता कप उचलून आत गेली. मला तिच्यासाठी जरा वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, डॉक्टर सांगतायत म्हणजे असेल तसंच. तिला पुण्यात काहीतरी जास्तीचं सांगितलं असेल. शहरात असल्या गोष्टींचं फार स्तोम असतं.

पिंजरा तयार झाला. मी तो पुढे एकदा पाहिला. हिरवा रंग दिलेला, चौकोनी, माझ्या कमरेइतकाही उंच नाही. ऋजुताने आत एक लाकडी खोका ठेवला होता आणि जाळीच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा अंथरला होता. पुठ्ठा तो कुरतडायचा, ती दुसरा घालायची. सासूबाई म्हणायच्या, रोजचा कचरा करून ठेवते. मग एक दिवस तिने पुठ्ठा घालायचं बंद केलं. हे तिने मला बाजारात भेटल्यावर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, असंच, बोलता बोलता.

वैशाखात एका सकाळी तिचा फोन आला. आवाज इतका लहान झाला होता की मला आधी कळेना कोण बोलतंय. डॉक्टर स्कूटर काढत होते तोवर मी पदर खोचून मागे बसले. तिने मलाही बोलावलं होतं.

भुऱ्याचा मागचा डावा पाय जाळीच्या चौकोनात गेला होता आणि सुटायच्या धडपडीत त्याने तो पिळून घेतला होता. हाड मोडून बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता. ऋजुता पिंजऱ्यात अर्धी आत शिरून, दोन्ही हातांनी त्याचं अंग उचलून धरून बसली होती, म्हणजे पायावर वजन पडू नये. किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे, तिच्या दंडावर जाळीचे चौकोन उमटले होते. डॉक्टरांनी पक्कड मागवली, तारा तोडल्या, पाय सोडवला. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं.

"हे माझ्याच्याने होणार नाही," ते म्हणाले. "नाशिकला न्या. आत्ता, लगेच."

हर्षलने गाडी काढली. नाशिकला भुऱ्याचा पाय मांडीपासून काढावा लागला.

त्या दिवसांत डॉक्टर घरात असून नसल्यासारखे होते. ताटावर बसत, भाकरी मोडत आणि तशीच ठेवून उठत. मी समजूत घालत होते. म्हटलं, तुम्ही गुरांचे डॉक्टर, असलं जनावर कधी तुमच्या बापजन्मात पाहिलं नाही. जे वाटलं ते सांगितलंत. तुमच्या जागी कुणीही हेच सांगितलं असतं. एकदा ते फक्त म्हणाले, "नको तेवढं चांगलं बोलूस माझ्याबद्दल." मला वाटलं, दमलेत.

भुऱ्याला घरी आणल्याचं कळलं तेव्हा मीच म्हटलं, चला, बघून येऊ. न जाणं बरं दिसणार नाही. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

बैठकीत भाऊसाहेब पेपर वाचत होते. ऋजुता खाली चटईवर बसली होती आणि तिच्या मांडीवर टॉवेलमध्ये भुऱ्या. तो जागा होता. उरलेल्या मागच्या पायावर तोल सावरायचा प्रयत्न करायचा, कलंडायचा, पुन्हा बसायचा. टाक्यांच्या जागेवरची लव कापली होती आणि खालची गुलाबी कातडी दिसत होती. मला तिकडे बघवेना.

भाऊसाहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतःच सुरुवात केली. म्हणाले, सूनबाईंनी खाणंपिणं सोडलंय, जरा समजवा. जनावर आहे, व्हायचं ते झालं. तिने त्याला फार लाडावलंय, रात्री नाचू देते, म्हणून अडकलं. पिंजऱ्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी स्वतः पसंत केलेला पिंजरा, त्यात खोट कशी निघेल.

ऋजुताने मान वर केली. रडून रडून डोळे बारीक झाले होते, पण आवाज शांत होता.

"डॉक्टरकाकांचा काही दोष नाही," ती म्हणाली. "इकडे हे प्राणी कुणी पाळत नाही. त्यांना कसं माहीत असणार? मला माहीत होतं. मीच धरून ठेवायला हवं होतं." मग डॉक्टरांकडे बघून, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, काका. खरंच."

मी सुटकेचा श्वास टाकला. एवढ्या लहान वयात केवढा समजूतदारपणा, असं मी मनात म्हणत होते. मी बोललेसुद्धा. म्हटलं, "हो ना गं. यांना तरी कुठं ठाऊक होतं."

"माहीत होतं," डॉक्टर म्हणाले.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, "काय?"

"मला माहीत होतं." ते उठून उभे राहिले होते. हात शर्टाच्या कडेशी चाळा करत होते. "ताई, तुम्ही दवाखान्यातून गेलात त्याच दिवशी मी मुंबईला माझ्याबरोबर शिकलेल्या एका डॉक्टरला फोन केला. तो असल्या प्राण्यांचंच काम करतो. तुम्ही जे सांगितलंत ते सगळं त्याने शब्दाला शब्द सांगितलं. जाळीचा तळ अजिबात नको, पाय अडकून मोडतात, हे तर दोनदा सांगितलं. रविवारी मी इथं बसून बोललो ते सगळं खोटं होतं. सशांचंसुद्धा खोटं होतं."

मला वाटलं, आत्ता मी इथं नसते तर बरं झालं असतं.

"मग तसं का सांगितलंत?" ऋजुताने विचारलं. ती रागावली नव्हती. तिला खरोखर कळत नव्हतं.

डॉक्टरांनी भाऊसाहेबांकडे बघितलं नाही. म्हणाले, "शनिवारी मला फोन आला होता. पोरीची हौस वाढवू नका, साधा पिंजरा चालतो म्हणून सांगा, एवढंच सांगितलं होतं. मी हो म्हटलं."

आता ऋजुताने सासऱ्यांकडे पाहिलं. हर्षल दारात येऊन उभा होता, त्यानेही पाहिलं. भाऊसाहेबांनी पेपरची घडी घातली. मला वाटलं, ते ओरडतील, आम्हाला बाहेर काढतील, उद्या गाळा रिकामा करा म्हणतील. तसं झालं असतं तर डॉक्टरांना जरा हलकं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं. पण भाऊसाहेब ओरडले नाहीत. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"अहो डॉक्टर," ते म्हणाले, "मी ते सहज म्हटलं होतं. घरात नवी सून, लगेच म्हणेल ते आणून दिलं तर पुढं कठीण, म्हणून. तुम्ही म्हटलं असतं की नाही भाऊसाहेब, जनावराला धोका आहे, तर मी काय करणार होतो? आणला असता नाशिकचा. मला काय कमी आहे?"

डॉक्टर पुन्हा जागेवर बसले.

"मला वाटलं, तुम्ही तुमच्या बुद्धीने सांगताय," भाऊसाहेब म्हणाले. "मी तर तुमचंच ऐकलं."

ते खरंच बोलत होते की अंग काढून घेत होते, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. ऋजुताने टॉवेलसकट भुऱ्याला उचललं. डॉक्टरांच्या समोरून जाताना ती थांबली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला भलत्याच गावात बघावं. मग आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं. हर्षल तिच्या मागोमाग गेला.

चहा आला होता. भाऊसाहेब म्हणाले, घ्या. आम्ही घेतला. तो कसा गिळला, ते आमचं आम्हाला माहीत.

परतताना मी स्कूटरवर मागे बसले होते आणि त्यांच्या खांद्याला हात लावावासा वाटत नव्हता. सीटच्या मागच्या कड्याला धरून बसले. घरी आल्यावर विचारलं, "मला का नाही सांगितलंत? त्या शनिवारीच का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू तसं करू दिलं नसतंस," ते म्हणाले.

मला अजून ठरवता आलेलं नाही की मी करू दिलं असतं की नसतं. गाळ्याचा विचार माझ्याही मनात आला असता. मुलाचं शिक्षण चालू होतं. कदाचित मीच म्हटलं असतं, जाऊ द्या, एक पिंजरा तर आहे. ते मला विचारून गेले नाहीत आणि मी सुटले, एवढंच. पण त्यांना मी हे कधी बोलून दाखवलं नाही.

भाऊसाहेबांनी आम्हाला काहीही केलं नाही. गाळा राहिला, गोठ्यावरचं बोलावणं राहिलं. उलट ते पूर्वीपेक्षा जास्त मोकळेपणाने बोलायचे, चारचौघांत डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवायचे. तो हात पडला की डॉक्टरांची मान खाली जायची.

टाके काढायची वेळ आली तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. त्या उकाड्यात भुऱ्याला पुन्हा नाशिकचा प्रवास झेपला नसता. एसीची गाडी वाटेत बंद पडली तरी तो दगावला असता, असं नाशिकच्या डॉक्टरांनीच सांगितलं आणि टाके तिथंच कुणाकडून काढून घ्या म्हणाले. तिथं म्हणजे आमच्याकडे. दुसरं कुणी नव्हतंच.

ऋजुता सकाळी लवकर आली, ऊन चढायच्या आत. मला तिने नमस्कार केला. त्यांना म्हणाली, "डॉक्टर, हे नाशिकचे कागद." काका म्हणाली नाही. टोपली टेबलावर ठेवली आणि स्वतः भुऱ्याला काढून त्यांच्या हातात दिलं. ते देताना तिने एक क्षण हात काढला नाही, मग काढला.

डॉक्टरांनी टाके काढले. एकेक दोरा इतक्या सावकाश, की भुऱ्या एकदाही दचकला नाही. मी डोकं धरलं होतं. त्याच्या हृदयाची धडधड माझ्या बोटांना लागत होती, शिवणाच्या मशीनसारखी. झाल्यावर डॉक्टरांनी जखम पुसली, नीट बघितली आणि म्हणाले, "चांगली भरली आहे."

ऋजुताने त्याला टोपलीत ठेवलं. मग टेबलाच्या कडेकडे बघत विचारलं, "हर्षलने नाशिकचा तो पिंजरा आणलाय. उंच आहे. फळ्या लावायच्यात. आता तीन पायांवर त्याला किती उंचीवर लावू?"

तिच्या आवाजात काही टोमणा नव्हता. तिला माहिती हवी होती आणि समोर डॉक्टर उभा होता, म्हणून तिने विचारलं. डॉक्टरांनी मान वर केली. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच ते असं सलग बोलले. फळ्या खालच्या बाजूलाच लावा, म्हणाले, एकीपासून दुसरी वीतभर अंतरावर, पायऱ्यांसारख्या. उडी मारायला लागूच नये, चढून जाता आलं पाहिजे. तळाला जाड कापड घाला, घसरणार नाही. वरचा भाग काही महिने बंदच ठेवा. पडला तर दुसरा पाय जाईल.

"बरं," ती म्हणाली. "थँक यू."

ती गेली. गाडी आमच्या खिडकीसमोरच सावलीत उभी होती. ती मागच्या सीटवर बसली, टोपली मांडीवर घेतली, दार लावून घेतलं, पण गाडी सुरू झाली नाही. तिने फोन कानाला लावला. काच अर्धी उघडी होती. "नाशिकचे डॉक्टर आहेत का? मी ऋजुता देवरे. भुऱ्या," असं तिचं बोलणं आम्हाला ऐकू आलं. "एक खात्री करायची होती. पिंजऱ्यातल्या फळ्या..." पुढे आवाज खाली गेला.

डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला. हात पुसायचे राहिले, पाणी कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं. मी खिडकी लावून घ्यायला गेले.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर करतेय ती."

ती ऐकत होती. मधेच मान हलवत होती. हाताने हवेत वीतभर अंतर दाखवल्यासारखं काहीतरी केलं. मग फोन ठेवला, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली आणि गाडी सुरू झाली. आमच्या खिडकीकडे तिने पाहिलं नाही.

"काय म्हणाले असतील?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच," मी म्हटलं. "तसंच दिसत होतं."

त्यांनी मान डोलावली. बाहेर एक म्हातारी बाई गाय घेऊन कधीची उभी होती. तिने हाक मारली तरी ते बराच वेळ खिडकीशीच उभे होते.